पियानोच्या क्लासला जाण्याआधी: पेटीच्या मुलखातल्या शिकणाऱ्यांसाठी

पियानो शिकायला निघालेल्या माणसाचा आपल्या भागात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पेटी येते मला, मग पियानो यायला किती दिवस लागतील?" प्रश्न रास्त आहे. मराठवाड्यात गावोगावी भजनी मंडळं आहेत, सप्ताहात कीर्तनाला पेटी असते, कितीतरी शाळांत प्रार्थनेला पेटी असते. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची ती मांडणी लहानपणापासून डोळ्यांत बसलेली असते आणि पियानोवर तीच दिसते, फक्त लांबलचक. मांडणी खरंच तीच आहे. पण पट्टी दाबल्यावर आत जे होतं ते अगदी निराळं आहे, आणि पियानो शिकणं म्हणजे मुख्यतः त्या निराळेपणाची बोटांना सवय लावणं. हे आधी कळलं नाही तर वाद्य चुकीचं घेतलं जातं, क्लास भलताच लागतो आणि वर्षभराने लेकरू म्हणतं, मला जमत नाही.

पेटीत भात्याने हवा भरली जाते. पट्टी दाबली की त्या सुराच्या पितळी रीडमधून, म्हणजे थरथरणाऱ्या पातळ पात्यापाशी, हवेला वाट मिळते, आणि हवा जात राहील तोवर सूर टिकतो. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच. आवाज लहान-मोठा होतो तो भात्यामुळे. म्हणजे डावा हात आवाजाचं बघतो आणि उजवा सुरांचं.

पियानोत भाताच नाही. आत पोलादी तारा ताणलेल्या असतात, ८८ पट्ट्यांसाठी साधारण २३०. अगदी खालच्या सुरांना एकेक जाड तार, वर जावं तशा दोन-दोन, मग तीन-तीन. पट्टी दाबली की लोकरीच्या फेल्टने मढवलेला लाकडी हातोडा तारेवर आदळतो. इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने १७०० च्या सुमारास ही रचना केली. त्याआधी तिकडे हार्प्सिकॉर्ड वाजवायचे. त्यात तार छेडली जायची आणि बोट कसंही पडलं तरी आवाज जवळपास सारखाच यायचा. क्रिस्तोफोरीची खरी करामत अशी की तारेला लागायच्या जरासं आधी हातोडा पट्टीपासून मोकळा होतो. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवलेल्या माणसाला हे लगेच समजेल: दगड सुटला की पुढे हाताचं काही चालत नाही, जो वेग दिला तोच कामाला येतो. पियानोवरही पट्टी तळाला टेकल्यावर कितीही दाबून धरली तरी आवाज वाढत नाही. जे करायचं ते पट्टी खाली जाण्याच्या त्या क्षणात, बोटाच्या वेगाने.

यातून तीन गोष्टी निघतात आणि पुढचं सगळं शिक्षण या तिघींभोवती फिरतं. पहिली, आवाज लहान-मोठा करणं हे आता प्रत्येक बोटाचं काम आहे. पेटीवर तीन सूर एकत्र दाबले तर भाता तिघांनाही सारखाच वाढवतो. पियानोवर त्याच हाताची करंगळी चाल ठळक वाजवते आणि बाकीची बोटं हलकी राहतात. हे साधायला वर्षं लागतात, आणि पियानोवादन ऐकताना आपल्याला जे भावतं ते बरंचसं हेच असतं. दुसरी, सूर वाजला त्या क्षणापासून विरायला लागतो. पेटीवर षड्ज धरून बसता येतं, पियानोवर येत नाही. म्हणून लांब चाल सलग ऐकू यावी यासाठी एका सुराचा हात सुटण्याआधी दुसरा सूर त्याच्याशी जोडायला शिकावं लागतं. तिसरी गोष्ट पायाखालची. बोट उचललं की फेल्टची गादी तारेवर बसते आणि सूर थांबतो. उजवं पेडल दाबलं की सगळ्या गाद्या एकदम उचलल्या जातात आणि सूर घुमत राहतात. सुरुवातीला हे पेडल फार गोड वाटतं, कारण ते कच्चं वाजवणं झाकतं. चांगले शिक्षक पहिले काही महिने त्याला हात, म्हणजे पाय, लावू देत नाहीत. बरोबरच करतात.

एका बाबतीत मात्र दोन्ही वाद्यं सख्खी आहेत. सप्तकातले बारा सूर बांधलेले, मधल्या जागा नाहीत. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. आंदोलन, म्हणजे सुराचं हळुवार झुलणं, नाही. याच कारणांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली. तेव्हा कुणाचा जीव दरबारी रागाच्या आंदोलित गंधारात अडकला असेल, तर त्याने पियानोकडून तो गंधार मागू नये. पियानोचं बळ दुसरीकडे आहे. एकाच वेळी अनेक सूर, एकाच वेळी दोन-तीन चाली, खालच्या खर्जापासून वरच्या किणकिणीपर्यंत सव्वासात सप्तकं. आपलं रागसंगीत एका धाग्याने चालतं, पियानोसाठी लिहिलेलं संगीत बहुतेक अनेक धाग्यांनी. आपल्याला नक्की काय वाजवायचंय हे शिक्षक शोधण्याआधी ठरवून ठेवा. पाश्चात्य शास्त्रीय, सिनेमाची गाणी, चर्चमधली गीतं, की स्वतः गाताना साथ? पहिल्या वर्षाचा पाया सारखाच राहील, पण कुणाकडे जायचं ते यावरून ठरतं.

आता वाद्य. खरा लाकडी पियानो आपल्याकडे घरी ठेवावा का? माझं स्पष्ट मत, सुरुवातीला नको. पियानोचा आवाज मोठा करते ती आतली लाकडी पाटी, आणि लाकूड हवेतल्या ओलाव्यावर हलतं. त्याला साधारण ४० ते ५० टक्के आर्द्रता लागते, वर्षभर जवळपास सारखी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी ठाक, मग जूनमध्ये पाऊस लागला की तेच लाकूड फुगतं. कोरड्यात सूर उतरतो, पावसाळ्यात चढतो. वर्षातून किमान दोनदा सुरात लावावा लागतो आणि लावणारा माणूस आपल्या जिल्ह्यांत सहज सापडत नाही, पुणे-मुंबईकडून नाहीतर हैदराबादकडून बोलवावा लागतो. जुना पियानो कुणी स्वस्तात देतो म्हणून भुलू नका. ज्या लाकडात तारांच्या खुंट्या ठोकलेल्या असतात ते वाळून तडकलं असेल तर खुंटी धरत नाही, आणि आज लावलेला सूर आठवड्यात सुटतो. ती दुरुस्ती वाद्याच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते.

मग राहतात दोन पर्याय, डिजिटल पियानो आणि कीबोर्ड. जाहिरातीत दोघांचीही नावं एकमेकांत मिसळलेली असतात. डिजिटल पियानोच्या ८८ पट्ट्या वजनदार असतात, आत छोटे हातोडे बसवलेले असतात, बोटाला खऱ्या पियानोसारखा भार लागतो. एक पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅमचं वजन लागतं, खालच्या सुरांना थोडं जास्त, वरच्यांना थोडं कमी. पट्टीखालचे सेन्सर ती किती वेगाने गेली हे मोजतात आणि त्या वेगाचा आवाज काढतात. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड हलका असतो, पट्टी स्प्रिंगवर असते. ऑर्केस्ट्राला, गाण्याच्या साथीला तो उत्तम. पण पियानोची बोटं त्याच्यावर तयार होत नाहीत, कारण ज्या भाराशी बोटाने ओळख करून घ्यायची तो भारच तिथे नाही.

दुकानात गेलात की वाद्यात भरलेली गाणी आणि ताल बंद करायला सांगा. ते ऐकून कुठलंही वाद्य आवडतं. एकच पट्टी अगदी हळू दाबून बघा, मग झटक्याने. आवाज लहान-मोठा झाला नाही तर ते वाद्य शिकण्यासाठी नाही. मग अगदी डावीकडची पट्टी दाबा आणि अगदी उजवीकडची, बोटाला वजनातला फरक कळायला हवा. एकाच वेळी किती सूर घुमू शकतात हा आकडा वाद्याच्या माहितीत पॉलिफनी म्हणून दिलेला असतो. ६४ वर सुरुवातीचं काम भागतं, १२८ असेल तर बरं. हेडफोनची सोय बघाच, कारण दोन खोल्यांच्या घरात कुणी अभ्यास करत असतं, कुणी आजारी असतं, आणि सराव बंद पडतो तो याच कारणाने. सध्या असा पियानो साधारण चाळीस हजारांच्या आसपासपासून पुढे मिळतो. एवढे पैसे आज नसतील तर टच रिस्पॉन्स असलेला, म्हणजे बोटाच्या वेगाप्रमाणे आवाज लहान-मोठा करणारा, कीबोर्ड घेऊन सुरुवात करायला हरकत नाही. फक्त तो काही महिन्यांपुरता आहे हे शिक्षकाला आणि लेकराला आधीच सांगून ठेवा.

विजेची काळजी पुष्कळ जण करतात. लहान डिजिटल पियानो बहुतेक १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर चालतात आणि वीज अगदी थोडी खातात, घरच्या इन्व्हर्टरवर निवांत चालतील. काळजी दुसऱ्या गोष्टींची करा. कूलरच्या थेट झोतात वाद्य ठेवू नका, तो ओलावा आत जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी ठेवू नका. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा. वर सुती कापड घाला, वावटळीची धूळ पट्ट्यांच्या फटींत एकदा गेली की निघत नाही.

बैठकीबद्दल थोडं. पेटी मांडी घालून वाजते, पियानो नाही. पट्ट्यांची उंची जमिनीपासून साधारण ७२ सेंटिमीटर लागते, आणि स्टूल एवढं हवं की कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर राहील. हातांची प्लास्टिक खुर्ची चालत नाही, कोपर अडकतात. लहान लेकराचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. पलंगावर वाद्य आणि समोर उकिडवा बसलेला मुलगा, असं चित्र बऱ्याच घरांत दिसतं. मनगट त्यानेच दुखतं.

शिक्षक निवडणं याहून अवघड आणि याहून महत्त्वाचं. आपल्याकडच्या शहरांत "पियानो-कीबोर्ड" अशी पाटी असलेले क्लास आहेत आणि त्यांतले बरेच मनापासून शिकवतात. पण काय शिकवतात ते विचारायला हवं. एक पद्धत अशी असते: उजव्या हाताने गाण्याची चाल, डाव्या हाताने एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर, धरायची आणि ताल, बास, साथ सगळं यंत्र वाजवतं. हे कीबोर्ड वाजवणं झालं. महिनाभरात गाणं वाजतं, घरचे खूश होतात. पियानोत डावा हात उजव्याच्या बरोबरीने काम करतो आणि यंत्र मदतीला येत नाही. म्हणून पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा. दोन्ही हातांनी वाचून वाजवायला शिकवता का? क्लासमध्ये वजनदार पट्ट्यांचं वाद्य आहे का? आणि तुमचा वर्षभर शिकलेला एखादा विद्यार्थी ऐकता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं. चर्चमध्ये ऑर्गन किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्यांकडेही चौकशी करा. त्यांतल्या अनेकांना पाच रेघांची स्वरलिपी चांगली वाचता येते.

जवळ कुणीच नसेल तर ऑनलाइन शिकता येतं, पण त्याच्या मर्यादा समजून घ्या. इंटरनेटवरून आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे गुरू-शिष्य एकत्र वाजवू शकत नाहीत. शिवाय मीटिंगची ॲप्स बोलण्यासाठी बनलेली आहेत, पियानोचा लांब सूर त्यांना गोंगाट वाटतो आणि ती तो कापतात. झूममध्ये मूळ आवाज तसाच पाठवण्याची सोय आहे, ती चालू करा. मोबाइल चेहऱ्यासमोर न ठेवता बाजूला असा ठेवा की मनगट, कोपर आणि बोटं तिन्ही दिसतील. नेट कच्चं असेल त्या गावात थेट वर्गापेक्षा रोजच्या सरावाचा व्हिडिओ करून पाठवणं आणि त्यावर सूचना घेणं जास्त उपयोगी पडतं.

पाच रेघांच्या लिपीची भीती घालवणं गरजेचं आहे. रेघेवर सूर जितका वर, तितका उंच. टिंब भरीव की पोकळ, त्याला दांडी आहे की शेपूट, यावरून तो किती मात्रा टिकतो ते कळतं. पाच-पाच रेघांच्या दोन ओळी जोडलेल्या असतात, वरची बहुधा उजव्या हाताची, खालची डाव्या. एवढाच गाभा. सारेगम लिहून वाजवलं तर चालणार नाही का, असं विचारतात. एका चालीपुरतं चालतं. पण आपल्या स्वरलिपीत एका वेळी एकच सूर लिहायचा असतो, कारण आपलं गाणंच तसं आहे. दोन हातांचे चार-पाच सूर एकत्र आणि त्यांच्या वेगवेगळ्या मात्रा एका नजरेत दाखवायला त्या रेघाच सोयीच्या. पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर लावलेत तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत काढून टाका. नाहीतर नजर कागदावर कधी थांबतच नाही.

पेटीवाल्यांना इथे एक अडचण हमखास येते. आपला सा फिरता. गायकाची काळी एक असेल तर सा तिथे, पांढरी चार असेल तर तिथे. पाश्चात्य लिपीत सी म्हणजे आपली पांढरी एक, कायमची. राग बदलो, गायक बदलो, सी हलत नाही. बिलावलचं सप्तक पांढरी एकवरून वाजवलं तर सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. तेच काळी एकवरून वाजवा, पाचही काळ्या पट्ट्या लागतात आणि पांढऱ्या दोनच. पियानोवर हे प्रत्येक सप्तक हाताला वेगळं शिकवावं लागतं. वाद्यावर ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवणारं, बटण असतं, ते दाबलं की ही मेहनत टळते आणि शिकायचं तेही टळतं. पहिली दोन वर्षं त्याला हात लावू नका.

बोटांना आकडे असतात, दोन्ही हातांना अंगठा १ आणि करंगळी ५. उजव्या हाताने सप्तक चढताना १, २, ३ झाल्यावर अंगठा तळव्याखालून सरकून परत १ होतो, मग २, ३, ४, ५. पेटीवर ज्याची त्याची बोटांची सवय असते आणि ती चालून जाते, कारण एकच हात आणि सप्तकं तीन-साडेतीन. पियानोवर चुकीचं बोट पुढच्या ओळीत येऊन नडतं. पेटी येणाऱ्याला ही जुनी सवय मोडायला नवख्यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. उलट त्याचा कान आधीच तयार असतो. सूर चुकला की त्याला सांगावं लागत नाही. लय हातात असते. हे नवख्याला मिळवायला फार मेहनत पडते.

दोन हात वेगळे चालवण्यात मात्र सगळ्यात पुढे असतात ते तबला, ढोलकी, पखवाजवाले. त्यांच्या डाव्या हाताला स्वतःचं काम करायची सवय असते. इतरांनी मांडीवर सराव करावा: डाव्या हाताने संथ मात्रा, उजव्याने एका मात्रेत दोन. मग हात बदलायचे. वाद्यावर प्रत्येक तुकडा आधी एकेका हाताने, मग दोन्ही हातांनी, आणि दोन्ही हात एकत्र येतात तेव्हा लय निम्म्याने उतरवायची. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय देणारं यंत्र, ६० वर लावला की सेकंदाला एक मात्रा, सुरुवातीला तीही जलद वाटेल. दररोजची २० मिनिटं रविवारच्या दोन तासांपेक्षा जास्त देतात. हाताने नवीन शिकलेलं झोपेत पक्कं होत असतं, म्हणून मधल्या रात्री जितक्या जास्त तितकं चांगलं. साधं दोन हातांचं गाणं नीट वाजायला काही महिने लागतील. त्याआधी पाहुण्यांसमोर लेकराला "वाजवून दाखव" म्हणू नका.

वय कुठलं योग्य? सहा-सातव्या वर्षी बहुतेक मुलं पंधरा मिनिटं एका जागी बसतात, पाचपर्यंतचे आकडे आणि अक्षरं ओळखतात, तेवढं पुरे. एका सप्तकाची रुंदी साधारण १६.५ सेंटिमीटर असते, छोटा हात तेवढा पसरत नाही, म्हणून पहिले धडे पाच बोटांच्या जागेतच असतात. ताणून पसरवायला लावू नका. साठीतल्या माणसालाही शिकता येतं. बोटं संथ वळतील, पण वाचन मोठ्यांना लहानांपेक्षा लवकर येतं.

परीक्षा हव्यात का, हा पालकांचा आवडता प्रश्न. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज आणि एबीआरएसएम या दोन्ही संस्थांच्या परीक्षा भारतात होतात, इनिशियल आणि मग १ ते ८ अशा ग्रेड. दोन्हींमध्ये वादनाचा व्हिडिओ पाठवून देता येण्यासारखी परीक्षाही आहे, म्हणजे नांदेड-लातूरच्या मुलाला मोठ्या शहरात जायची सक्ती राहत नाही. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडच्या आधी पाचव्या ग्रेडची थिअरी, म्हणजे संगीताच्या शास्त्राची परीक्षा, लागते, ट्रिनिटीत तशी अट नाही. परीक्षेने शिस्त येते हे खरं. पण वर्षभर तीनच रचना घोटणारं मूल चौथी रचना समोर ठेवली तर वाचू शकत नाही, हेही तितकंच खरं. एक परीक्षा झाली की मधले काही महिने नुसती सोपी, नवी, आवडीची गाणी वाचू द्यावीत.

शेवटचं, दहावीबद्दल. आपल्याकडे आठवी-नववीपासूनच फाउंडेशनचे क्लास लागतात आणि पियानोवर कापड पडतं ते कायमचं. माझा आग्रह असा की वाचन आठवीच्या आधी पक्कं करून घ्या, कारण वाचता येणारं मूल दोन वर्षांनी एकट्यानेही परत सुरू करू शकतं, घोकून वाजवणारं नाही. दहावीच्या वर्षी नवे धडे थांबवा, परीक्षा देऊ नका, पण झोपण्याआधीची दहा मिनिटं काढून घेऊ नका. त्यात त्याला येणारंच वाजवू द्या, हेडफोन लावून. आणि हे सगळं शिक्षकांना जूनमध्येच सांगा, म्हणजे ते त्या वर्षासाठी सोप्या रचनांची वही करून देतील.